व्यक्तिमत्त्व चाचणी: सहा आठवड्यांत काटा फिरला

माझं काम उपकरणं कॅलिब्रेट करण्याचं. वजनकाटे, थर्मामीटर, प्रेशर गेज. लोक ती आमच्या लॅबमध्ये पाठवतात आणि ती किती चुकतात ते मी मोजून लिहून देते. त्यामुळे एका सकाळी ऑफिसात सगळ्यांना ‘तुमचा टाइप ओळखा’ अशी लिंक आली, तेव्हा सवयीने मनात आलं, हेच रीडिंग पुन्हा घेतलं तर तेच येईल का?

चाचणीचं नाव घेत नाही. मायर्स-ब्रिग्ज या प्रसिद्ध व्यक्तिमत्त्व चाचणीच्या धर्तीवरच्या अशा चाचण्या नेटवर ढिगाने आहेत आणि साचा बहुतेक एकच. आमच्या चाचणीत साठेक विधानं होती, प्रत्येकासमोर ‘पूर्ण सहमत’पासून ‘अजिबात नाही’पर्यंत सात गोल. बारा मिनिटांत आटोपते. शेवटी चार अक्षरं हातात पडतात. आय की ई, म्हणजे अंतर्मुख की बहिर्मुख. एस की एन, म्हणजे समोरचा तपशील पाहणारे की त्यामागची कल्पना. टी की एफ, तर्क की भावना. जे की पी, आधी आखून चालणारे की वेळ येईल तसं ठरवणारे. चार जोड्या, म्हणून सोळा टाइप.

मला आलं आय-एस-टी-जे. खाली चार पानी वर्णन: जबाबदार, शब्दाला जागणारी, नियमांची कदर करणारी. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आईला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे सांगायला मशीन कशाला लागतं?”

सहा आठवड्यांनी मी तीच चाचणी पुन्हा दिली. लॅबमध्ये एकाच वजनाचं रीडिंग निदान पाच वेळा घेतल्याशिवाय आम्ही सही करत नाही, इथे दोनदा तरी घ्यावं. आलं ई-एस-टी-जे. पहिल्यांदा अंतर्मुख ५३ टक्के होते, आता बहिर्मुख ५२ टक्के. मधल्या काळात माझा स्वभाव पालटला नव्हता. पहिल्या वेळी दोन दिवस कुणाशी न बोलता जुन्या नोंदी तपासत बसले होते. दुसऱ्या वेळी आदल्या रात्री बहिणीकडे आम्ही सगळे जमलो होतो आणि पहाटेपर्यंत गप्पा चालल्या होत्या. ‘लोकांत मिसळल्यावर तुम्हाला उत्साह येतो’ या विधानाला दुसऱ्या दिवशी कोण नाही म्हणेल?

‘जे’ हे अक्षर मात्र हललं नाही. पहिल्यांदा ८८, दुसऱ्यांदा ८६. मी पेनांनासुद्धा लेबलं लावते, तेव्हा यात नवल नाही.

माझ्या मते या चाचणीचं सगळं गुणदोषपत्रक या दोन आकड्यांत आहे. बहिर्मुख ५२ म्हणजे अंतर्मुख ४८. ५३ आणि ४८ मध्ये फरक जेमतेम पाच अंकांचा, कुठल्याही उपकरणात चालून जाईल इतका. पण चाचणी आकडा बारीक अक्षरात खाली टाकते आणि वर मोठ्ठं अक्षर छापते. ४९ ला एक अक्षर, ५१ ला दुसरं. समजा, एखाद्या काट्याच्या तबकडीवरून सगळे आकडे पुसून फक्त ‘हलकं’ आणि ‘जड’ लिहिलं, तर आत स्प्रिंग कितीही चांगली असो, काय उपयोग? उंचीसारखंच इथेही बहुतेक माणसं मधल्या भागात दाटीने उभी असतात, टोकांना थोडी. आणि मधोमध सुरी चालवायची म्हणजे जिथे गर्दी सगळ्यात जास्त, नेमकी तिथेच. म्हणूनच काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की बऱ्याच जणांचं निदान एक अक्षर बदलतं. काही अभ्यासांत तर जवळजवळ निम्म्यांचं बदललेलं आढळलंय. माझ्याकडे असा काटा आला असता तर मी तो भंगारात काढला नसता. शेरा मारला असता: टोकांना भरवशाचा, मध्ये वापरू नये.

माणसांचे असे टाइप पाडण्याची मूळ कल्पना स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगची, १९२१ सालच्या त्याच्या पुस्तकातली. कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स या मायलेकींनी ती उचलली, जे-पी ची चौथी जोडी आपल्या पदरची घातली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इसाबेलने तिची प्रश्नावली बनवायला घेतली. कारखान्यांत नव्याने कामाला येणाऱ्या बायकांना आपल्याला जमेल असं काम सापडावं, हा एक हेतू. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींनाही नव्हतं. यावरून त्यांची टिंगल करणारे पुष्कळ आहेत, मला ती पटत नाही. घरात बसून वर्षानुवर्षं लोकांची उत्तरं गोळा करत राहायला चिकाटी लागते. माझी तक्रार त्यांच्या मोजण्याबद्दल नाहीच, मोजून झाल्यावर आकडा फेकून देण्याबद्दल आहे.

आता त्या चार पानी वर्णनाकडे. एका रविवारी मी एक वाईट काम केलं. बहिणीने चाचणी दिली, तिला निघालं ई-एन-एफ-पी. मी तिला वर्णन दिलं ते आय-एन-एफ-जे चं, वरची अक्षरं कापून. वाचता वाचता ती दोनदा थांबली. “अगं, हे तर मीच. ‘सगळ्यांना समजून घेते पण स्वतः कुणाला समजत नाही’, बघ ना!” खरं सांगितल्यावर तासभर अबोला.

बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला होता. चाचणी घेतली, मग प्रत्येकाला ‘खास तुझं’ म्हणून वर्णन दिलं. सगळ्यांना शब्दशः एकच, त्यातला बराच मजकूर ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. किती जुळतंय याला पाचपैकी गुण द्या म्हटल्यावर सरासरी आली ४.२६. म्हणजे ‘किती अचूक आहे!’ असं वाटणं हा चाचणीच्या बाजूचा पुरावा होत नाही. माझ्या बहिणीला विचारा. नको, विचारू नका.

शिवाय वर्णनात कुणी वाईट नसतंच. सोळाच्या सोळा टाइप गुणी. कुणी दूरदृष्टीचा, कुणी आधारवड, कुणी जन्मजात नेता. मी रात्री दोन वाजता उठून ‘त्या सर्टिफिकेटवर दशांशचिन्ह बरोबर पडलं ना’ म्हणून छताकडे बघत बसते, त्याचं एकही अक्षर नाही. संशोधक जी ‘बिग फाइव्ह’ नावाची पाच पट्ट्यांची मोजपट्टी वापरतात तिच्यात काळजी, अस्वस्थता, मन पटकन ढासळणं याला स्वतंत्र पट्टी आहे. मॅक्रे आणि कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये दोन्ही ताडून पाहिलं, तर मायर्स-ब्रिग्जच्या चार जोड्या बिग फाइव्हमधल्या चार पट्ट्यांशी बऱ्यापैकी जुळल्या. पाचवी, काळजीची, मायर्स-ब्रिग्जमध्ये नव्हतीच. बिग फाइव्ह तुम्हाला अक्षर देत नाही, प्रत्येक पट्टीवर तुम्ही कुठे आहात तेवढं सांगते. त्यामुळे ती कॉफीच्या मगवर छापता येत नाही आणि फारशी कुणाला माहीतही नाही.

एवढं झोडपल्यावर फायदा सांगायलाच हवा, कारण तो मला झालाय.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याशी माझं तीन वर्षं जमत नव्हतं. तो मीटिंगमध्ये विचार करतो तो तोंडाने. आधी एक म्हणणार, दोन वाक्यांनी उलटं म्हणणार, मग तिसरंच. मी प्रत्येक वाक्य निर्णय समजून लिहून घ्यायचे आणि मग चिडायचे. त्याला वाटायचं, मी गप्प बसते म्हणजे मला काहीच मान्य नाही. चाचणीच्या दिवशी तो त्याचं वर्णन मोठ्याने वाचत होता, ‘बोलता बोलता विचार करतात’. मी म्हटलं, “म्हणजे ते सगळं तुमचं ठरलेलं नसतं?” तो म्हणाला, “छे हो! पण तुम्ही वहीत काय लिहीत असता एवढं?” आता तो आदल्या दिवशी मुद्दे पाठवतो आणि मी मीटिंगमध्ये पहिली दहा मिनिटं पेन उघडत नाही. एवढ्यासाठी शास्त्र लागतं का? नाही. पण तीन वर्षं आम्हाला हे बोलायला निमित्त मिळालं नव्हतं, ते चाचणीने दिलं. स्वभावावर बोललं की भांडण होतं, टाइपवर बोललं की होत नाही.

हाच टाइप वरच्या माणसाच्या हातात गेला की मात्र चित्र बदलतं. पुढच्या महिन्यात बाहेरून ऑडिटर येणार होते. त्यांच्यासमोर कामाची माहिती मी द्यायची, हे ठरलेलं. साहेब म्हणाले, “तुम्ही आय आहात, उगाच ताण नको,” आणि काम शेजारच्याला दिलं. तेव्हा माझं दुसरं रीडिंग आलेलं होतं, पण ‘साहेब, मी आता ई आहे’ असं कुठल्या तोंडाने सांगणार? त्याने माहिती छान दिली, फक्त दर तिसऱ्या प्रश्नाला उठून माझ्याकडे येत होता. मायर्स-ब्रिग्जचे प्रकाशक स्वतःच बजावतात की नोकरीसाठी माणूस निवडायला ही चाचणी वापरू नका. आम्हाला आलेल्या लिंकवर तसलं काही लिहिलेलं नव्हतं.

द्यायचीच असेल तर दोनदा द्या, मध्ये महिना-दीड महिना जाऊ द्या, आणि अक्षरं सोडून टक्के बघा. तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या माणसाकडून तुमच्या नावाने एकदा भरून घ्या. मी विधानं कागदावर उतरवून बहिणीला दिली (अबोला संपल्यावर). मिसळण्याच्या त्याच विधानापुढे तिने एकही गोल रंगवला नाही. समासात लिहिलं, ‘आपल्या माणसांत हो, बाकी ठिकाणी नाही.’ मला वाटतं, चार पानांपेक्षा ती ओळ जास्त कामाची होती.

गप्पांचं निमित्त म्हणून पाचपैकी चार. मोजमाप म्हणून दीड, तेही जे-पी मुळे. माणसांना कामं वाटण्यासाठी शून्य.

ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर अक्षरांचं कार्ड लावलंय. माझ्यावर अजून आय-एस-टी-जे आहे. तपासलेल्या उपकरणावर आम्ही पुढच्या तपासणीच्या तारखेचा स्टिकर चिकटवतो, तसा एक मी त्या कार्डाच्या कोपऱ्यावर लावलाय. मुदत सहा आठवडे.