रंधा कुठला घ्यावा: बाजारातला, जुना की खास दुकानातला?

हाताने सुतारकाम करायचं ठरवलं की पहिला मोठा खर्च येतो तो ४ नंबरच्या, म्हणजे नेहमीच्या मध्यम मापाच्या लोखंडी रंध्याचा, आणि किमती बघून माणूस चक्रावतो. अनंत किंवा ग्रोझचा भारतीय बनावटीचा रंधा दोन-अडीच हजारांच्या आतबाहेर मिळतो. वुडक्राफ्ट या अमेरिकेतल्या सुतारकामाच्या दुकानसाखळीचा घरचा ब्रँड आहे वुडरिव्हर, तो दोनशे डॉलरच्या आसपास. अमेरिकेतला ली-नीलसन किंवा कॅनडातला व्हेरिटास घ्यायचा तर तीनशेच्या वर. भारतात मागवायचा तर वाहतूक, कस्टम आणि जीएसटी धरून आकडा आणखी फुगतो. फोटोत मात्र हे सगळे एकाच घरातले भाऊ दिसतात, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराच्या रचनेचे हक्क स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये घेतले, तेव्हापासून लोखंडी रंध्याचा सांगाडा फारसा बदललेला नाही.

मग जास्तीचे पैसे कशाचे? माझं मत असं की ते रंध्याच्या आकाराचे तर नाहीतच, पोलादाचेही काही अंशीच आहेत. मुख्यतः ते हत्यार तुमच्या हातात पडण्याआधी कारखान्यात कुणीतरी केलेल्या घासकामाचे आहेत. स्वस्त रंध्यात ते काम शिल्लक असतं आणि ते तुम्हाला करावं लागतं. ते करायची तयारी आणि जागा आहे का, यावर सगळा निर्णय फिरतो.

हातात घेऊन काय बघायचं

आधी तळ. संपूर्ण तळ आरशासारखा सपाट असायची गरज नाही. पुढचं टोक, तोंडाच्या (ज्या फटीतून पातं बाहेर येतं तिच्या) लगेच पुढचा भाग आणि मागचं टोक या तीन जागा एका पातळीत असल्या की काम भागतं. स्टीलची पट्टी तळावर आडवी-उभी-तिरपी धरून मागून टॉर्च मारा. तोंडापाशी पट्टीखालून उजेड दिसला तर तो रंधा पातळ साल काढणार नाही, कारण पात्याच्या पुढे लाकूड दाबून धरणारं काही उरत नाही आणि उलट्या रेषेचं लाकूड उचकटतं. तपासताना पातं जागेवर कसलेलं पण आत ओढलेलं असू द्या, कारण कसल्यावर तळ किंचित वाकतो. भारतीय रंध्यांत तळ कधी बरा निघतो, कधी अगदीच वाकडा. दुकानात चार नग असतील तर चारही बघा, दुकानदार कुरकुरला तरी. वुडरिव्हरमध्ये तळ बहुतेक वेळा ठीक असतो. ली-नीलसन आणि व्हेरिटासमध्ये मी पट्टी लावतो ती निव्वळ सवयीने.

दुसरी जागा पात्याखालची, म्हणजे फ्रॉग, पातं ज्यावर टेकतं तो ठोकळा. खरा फरक इथे दिसतो आणि नेमकं इथेच कुणी बघत नाही. फ्रॉग काढून त्याची खालची बाजू बघा. स्वस्त रंध्यात तिथे रंगाचे गोळे असतात, ओतकामाचा खरखरीतपणा तसाच सोडलेला असतो आणि दोन-तीन ठिकाणीच धातू धातूला टेकतो. असा रंधा सागवानाच्या गाठीवर गेला की पातं थरथरतं आणि लाकडावर बारीक लाटा उमटतात. ली-नीलसनने स्टॅन्लीच्याच जुन्या बेडरॉक मालिकेची रचना उचलली, तिच्यात फ्रॉग खाली पूर्ण टेकतो आणि पातं न काढता तोंड लहानमोठं करता येतं. वुडरिव्हरही त्याच वळणाचा आहे. व्हेरिटासने वेगळी वाट धरली. पातं पुढेमागे आणि डावीउजवीकडे करायला एकच दांडी, आणि पातं सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना छोटे स्क्रू. काहींना ही दांडी अवघड वाटते. मला ती आवडते, पण पातं पुढेमागे करणाऱ्या बेलीच्या पितळी चाकाची सवय झालेल्यांशी मी यावर वाद घालत नाही.

चाकाचा खेळही बघा. दिशा बदलताना चाक थोडं मोकळं फिरणारच, अर्धा-पाऊण फेरा चालतो. दोन फेरे मोकळे फिरत असतील तर रोजच्या कामात जीव जातो. पात्यावरची टोपी, म्हणजे त्याला वरून जोडलेली लोखंडी पट्टी, पात्याला कडेपर्यंत चिकटली पाहिजे. फट असेल तर तिच्यात साल अडकते आणि रंधा तुंबतो. सुदैवाने हा दोष दगडावर दहा मिनिटांत जातो.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. साधे रंधे बिडाचे असतात. फरशीवर पडला तर बीड तडकतं, बहुधा तोंडापाशीच. ली-नीलसन, व्हेरिटास आणि वुडरिव्हर यांचे सांगाडे डक्टाइल आयर्नचे असतात, ते आपटले तरी सहसा फुटत नाहीत. घरात लहान मुलं असतील आणि टेबल अरुंद असेल तर या मुद्द्याला जास्त वजन द्या.

जुना घ्यायचा तर

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात कधीतरी इंग्लंडमधल्या शेफिल्डचा स्टॅन्ली किंवा रेकॉर्ड दिसतो. चांगला सापडला तर पैशाच्या मानाने त्याच्या तोडीचं काही नाही. वरवरच्या गंजाने घाबरू नका, तो निघतो. घाबरायचं ते तीन गोष्टींना. एक, तोंडाच्या कोपऱ्यातली केसासारखी चीर. दुसरी, पात्याच्या पाठीला धारेजवळ पडलेले गंजाचे खड्डे, कारण धार दोन पृष्ठभागांच्या रेषेवर असते आणि पाठच खड्ड्यांची असेल तर धार अखंड येणार नाही. तिसरी, हरवलेला स्क्रू. स्टॅन्लीच्या स्क्रूंचे आटे प्रमाण मापाचे नाहीत, हार्डवेअरच्या दुकानात तो मिळणार नाही आणि बाकी सगळा रंधा चांगला असून कपाटात पडून राहील.

पोलाद, आणि आपलं सागवान

परदेशी परीक्षणांत पाईन आणि चेरी रंधून पोलादाबद्दल मतं दिलेली असतात. आपल्याकडे सागवान. त्याच्यात सिलिका असते आणि ती धार खाते. त्यामुळे पोलादाचा मुद्दा आपल्याला जरा जास्त लागू होतो.

ओ-वन हे जुन्या पद्धतीचं साधं पोलाद. दगडावर धार लवकर चढते, अतिशय बारीक येते, पण सागवानावर लवकर बोथट होते. ए-टू मध्ये सुमारे ५ टक्के क्रोमियम असतं. धार जास्त टिकते, पण धारेचा कोन २५ अंशांचा ठेवला तर कड बारीक तुकड्यांत तुटू शकते, म्हणून ३० अंश ठेवलेले बरे. ली-नीलसनची पाती याच पोलादाची. व्हेरिटासने २०१२ मध्ये पीएम-व्ही ११ हे पावडरपासून बनवलेलं पोलाद आणलं. ते ए-टूपेक्षाही जास्त टिकतं आणि धार काढायलाही तितकं हट्टी नाही, मात्र साध्या तेलाच्या दगडावर वेळ फार जातो. डायमंड प्लेट हवीच.

भारतीय रंध्याच्या पात्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ लिहिलेलं असतं. त्यातून कडकपणा कळत नाही, आणि कडकपणा नगागणिक बदलतो. पहिले एक-दोन मिलीमीटर कधीकधी मऊ निघतात, घासताना पातं तापलेलं असतं म्हणून. दोन-तीनदा धार काढल्यावर पातं सुधारलं तर ठीक. नाही सुधारलं तर पातंच बदला. व्हेरिटास जुन्या स्टॅन्लीच्या मापाची पाती वेगळी विकते, जाडी सुमारे अडीच मिलीमीटर. स्टॅन्लीचं मूळ पातं दोन मिलीमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे रंध्याचं तोंड कानशीने जरासं मोठं करावं लागू शकतं. बाजारातला सांगाडा नीट घासून त्यात असं पातं बसवणं ही मला सगळ्यात शहाणी जोडी वाटते.

हात न लावता ऑनलाइन घेताना

खास दुकानाची परीक्षा त्याच्या वर्णनात होते. पोलादाचं नाव दिलंय का? कडकपणा आकड्यात दिलाय का? तळाच्या सपाटीची मर्यादा लिहिली आहे का? कुठल्या देशात बनलंय? पातं, टोपी, स्क्रू सुटे विकतात का? ‘उच्च प्रतीचं पोलाद’ आणि ‘अचूक घासलेलं’ एवढंच लिहिलं असेल तर दुकानदाराने स्वतः माप घेतलेलं नाही असं समजा. सुट्या भागांचा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो. जो स्क्रू सुटा विकतो त्याला ते हत्यार पुढच्या दहा वर्षांत आपल्याकडे परत येईल याची कल्पना असते.

घरच्या ब्रँडबाबत एक गोष्ट नक्की बघा: तो बनवतं कोण. कॅनडातलं ली व्हॅली हे दुकान लेनर्ड ली यांनी १९७८ मध्ये ओटावात सुरू केलं. व्हेरिटास हा त्यांचाच उत्पादन विभाग, त्यामुळे दुकान आणि कारखाना एकाच छत्राखाली आहेत. वुडरिव्हर मात्र चीनमध्ये बनवून घेतात. त्यात वाईट काही नाही, पण नाव तेच राहून माल बदलू शकतो. वुडरिव्हरच्या पहिल्या आवृत्तीवर बरीच टीका झाली होती. तिसरी आवृत्ती कॅनडातले सुतार रॉब कॉसमन यांच्या सल्ल्याने सुधारली आणि ती वेगळंच हत्यार आहे. परीक्षण वाचताना ते कुठल्या आवृत्तीचं आहे हे आधी शोधा, नाहीतर दुसऱ्याच रंध्याची निंदा किंवा स्तुती वाचत बसाल.

ली-नीलसनची हकीकत याच्या उलट दिशेची. थॉमस ली-नीलसन न्यूयॉर्कच्या गॅरेट वेड या हत्यारांच्या दुकानात नोकरीला होते. त्या दुकानासाठी बनणारा एक छोटा ब्राँझचा रंधा स्वतः बनवायला घेऊन त्यांनी १९८१ मध्ये मेन राज्यात कारखाना सुरू केला. दुकानाच्या काउंटरमागे उभं राहिलेल्या माणसाचा हा माल आहे, हे पेटी उघडल्यावर जाणवतं. पाठ घासलेली असते, थोडी धार काढली की लाकडावर लावता येतो.

पटाशी आणि गुण्या, थोडक्यात

पटाशीत पाठीचा धारेकडचा इंचभर भाग सपाट हवा, मागचा सोडून द्या. दुसरं म्हणजे बाजूच्या कडा. काटकोनी कोपऱ्यांचे बारीक सांधे करायचे तर कडा जवळजवळ शून्यापर्यंत उतरलेल्या हव्यात. चेक प्रजासत्ताकातल्या नारेक्सच्या साध्या पटाश्या किमतीला छान आहेत, पोलादही प्रामाणिक, पण कडा जाड. ली-नीलसनच्या कडा बारीक. जपानी पटाशीची पाठ मुद्दाम पोकळ केलेली असते, त्यामुळे ती लवकर सपाट होते, आणि पोलाद फार कडक. बाभळीच्या किंवा शिसवाच्या गाठीत घालून उचकटलीत तर तुकडा उडणार.

गुण्या मात्र कुठलाही घ्या, दुकानातच तपासून घ्या. सरळ कडेच्या प्लायवर रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारा. रेघा फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

कुणी काय घ्यावं

महिन्यातून दोन रविवार काम करणार असाल आणि हत्यार खोलून बघायची आवड असेल तर भारतीय रंधा घ्या. काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तळ घासा, फ्रॉगखालचा रंग खरवडा. सुट्टीचा एक दिवस जाईल. उरलेल्या पैशांतून डायमंड प्लेट आणि एक बारीक दगड घ्या. खरं तर पैसे कमी असतील तर आधी दगड आणि मग रंधा, कारण बोथट ली-नीलसनपेक्षा धारदार अनंत कधीही बरा.

घासकामाचा कंटाळा असेल आणि फर्निचर नियमित करणार असाल तर वुडरिव्हरपाशी थांबता येईल. त्याच्या आणि ली-नीलसनच्या कामात जो फरक उरतो तो मुख्यतः पात्यात आणि हाताळणीच्या गुळगुळीतपणात आहे, रंधलेल्या फळीवर तो ओळखू येत नाही. टोरंटो, ओटावा किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांनी मात्र ली व्हॅली किंवा वुडक्राफ्टच्या दुकानात जाऊन हातात धरूनच ठरवावं. व्हेरिटासची मूठ उभी आहे, ती काही हातांना रुचत नाही आणि हे फोटोत कळत नाही.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर गंजाचा हिशोब वेगळा. ली-नीलसनचा ४ नंबर ब्राँझमध्येही मिळतो, महाग आणि जड, पण पावसाळ्यात सांगाडा गंजत नाही. बाकी सगळ्यांना तेलाचा हात लागतोच, आणि फोमच्या डब्यात तर अजिबात ठेवू नका, फोम ओल धरतो.

अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. ४ नंबर पावणेदोन किलोच्या आसपास भरतो, आणि पातं असलेली कुठलीही वस्तू चेक-इन बॅगेतच घालावी लागते. पार्सल आलं की पातं दगडाला लावायच्या आधी तळ, फ्रॉग आणि पात्याची पाठ तपासा, फोटो काढून ठेवा. दगड लागलेलं पातं बहुतेक दुकानं परत घेत नाहीत.