स्पेशालिटी की स्पेशल्टी? पाटी करायला टाकण्याआधी

बेळगावात नवी पाटी करायची तर इंग्रजीला जागा बेताचीच उरते. कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्ती कायद्याप्रमाणे पाटीचा ६० टक्के भाग कन्नड हवा, तोही वरच्या बाजूला. उरलेल्यात मराठी-इंग्रजीनं दाटीवाटीनं बसायचं. मग कुणीतरी सुचवतं, ‘स्पेशालिटी’तला (speciality) ‘एल’नंतरचा ‘आय’ उडवा, ‘स्पेशल्टी’ (specialty) करा, एक अक्षर वाचेल. जागेसाठी तो उडवू नका. धंदा कोणता आहे ते आधी बघा.

दोन्ही शब्द एकाच घरचे. हातखंडा असलेलं काम किंवा खास जिन्नस, हाच दोन्हींचा अर्थ. ब्रिटिश लोक एरवी ‘आय’ ठेवतात, अमेरिकन गाळतात. आपण बोलतो ती ‘स्पेशालिटी’ ब्रिटिश वळणाची. त्यामुळे कुंदा, मांडे किंवा गोकाकचा करदंट विकणाऱ्यानं फार विचार करू नये, ‘आय’ ठेवावा.

खरा घोळ दवाखान्यांचा. वैद्यकातल्या शाखेबद्दल लिहिताना ब्रिटिशही ‘आय’ गाळतात. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत ‘स्पेशल्टी डॉक्टर’ हे पदाचं नावच आहे. म्हणजे तिकडे अर्ज करणाऱ्या इथल्या डॉक्टरनं बायोडेटात ‘स्पेशल्टी’च लिहावं. पाटीवर मात्र ‘सुपर स्पेशालिटी’ आपल्याकडे इतकं रुळलंय की पेशंटला काही खटकणार नाही, आणि सरकारी कागदांतही दोन्ही रूपं सापडतात. माझं मत विचाराल तर दवाखान्याला ‘आय’शिवायचं रूप जास्त शोभतं. पण नोंदणी ज्या नावानं झाली असेल तेच पाटीवर आणि पावतीवर हवं, तिथे माझं मत बाजूला ठेवा.

टिळकवाडीत कॅफे काढताय? मग पर्यायच नाही. ‘स्पेशल्टी कॉफी’ ही त्या धंद्यातली ठरलेली संज्ञा आहे. चव तपासताना १०० पैकी किमान ८० गुण मिळालेली कॉफी, असा तिचा रूढ अर्थ. घरच्या फिल्टर कॉफीचं कौतुक करायचं असेल तर ‘आमची स्पेशालिटी’ म्हणा, हरकत नाही.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांनी गिऱ्हाईक बघावं. अमेरिकेला माल जात असेल तर ‘आय’ नको. केंद्राच्या २०२१ च्या विशेष पोलाद प्रोत्साहन योजनेच्या इंग्रजी नावातही तो नाही.

अनेकवचन करताना दोन्हींतला शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘आयईएस’ येतं. फ्लेक्सवाले तिथे हमखास चुकतात, तेव्हा छापण्याआधी प्रूफ स्वतः वाचा.