एकच कास्टिंग रॉड, तेरा महिने आणि टोकाची ती कडी

मार्चमधल्या एका शनिवारी टेक्सासमधल्या लेक फोर्क ह्या तलावावर लागोपाठ तिसऱ्यांदा तंगूस (मासे गरवायचा दोरा) तुटला आणि मी रॉड बोटीत आडवा ठेवून गप्प बसलो. 15 पौंडांची फ्लुरोकार्बन लाइन, आठवड्यापूर्वी भरलेली. गाठ ओली करून आवळलेली. तरी गळ मारायला, म्हणजे माशाच्या ओठात रुतवायला, रॉड उचलला की टप्. तिसरा मासा मला दिसलाही होता. पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडाच्या बुंध्याजवळून वर आला, तोंड उघडून डोकं झाडलं आणि माझा गळ ओठात घेऊन खाली गेला. मासा गेल्यापेक्षा गळ घेऊन गेला, ह्याचं जास्त वाईट वाटलं.

हा रॉड मी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये डॅलसमध्ये घेतला. 7 फूट 3 इंच, मीडियम हेवी (मध्यमपेक्षा ताठ), फास्ट (मुख्यतः टोकाकडे वाकणारा), अखंड एका तुकड्याचा, 129 डॉलरला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे त्यांच्याशी जे झालं ते माझ्यापुरतं आहे आणि रॉड मुळात वाईट नाही. बोट ज्याची त्या माझ्या मित्राकडे आठ रॉड आहेत. नकली आमिषांत जिगचा (वजनदार डोक्याच्या गळाचा) वेगळा, फ्रॉगचा वेगळा, क्रँकबेटचा वेगळा. मला ते परवडत नाही आणि पटतही नाही. एक रॉड, एक रीळ, त्यावर वर्षभर बास (गोड्या पाण्यातला मासा) गरवायचा, असं मी ठरवूनच घेतलं होतं.

पहिल्या चार महिन्यांत मी ह्या रॉडची सगळ्यांकडे तारीफ केली. टेक्सास रिग, अर्ध्या औंसाचा जिग, स्पिनरबेट, चॅटरबेट, सगळी आमिषं ह्यावर चालली. तळाला जिग ओढताना खडी संपून चिखल कुठे लागला हे हाताला कळतं. हायड्रिला ह्या पाणवनस्पतीत अडकलेला गळ मनगटाच्या एका झटक्यात सुटतो. रॉडवर आमिषाचं वजन 3/8 ते 1 औंस लिहिलंय. माझ्या हाताला अर्धा ते पाऊण औंस सगळ्यात छान जातं. पाव औंसाचं काही फेकायला गेलं की रॉड वाकतच नाही, नुसता हात फिरतो. पण पाच इंची जाडसर स्टिक वर्म (मऊ प्लास्टिकचा किडा) शिशाशिवायही मजेत जातो, कारण तो स्वतःच 3/8 औंसाच्या आसपास भरतो. हे लक्षात आल्यावर मी हलक्या आमिषांसाठी वेगळा स्पिनिंग रॉड घ्यायचा विचार सोडला.

क्रँकबेटला, म्हणजे ओढताना माशासारखं पोहणाऱ्या आमिषाला, मात्र हा रॉड कमी पडतो. फास्ट टोक ताठ असतं, तिगळी (तीन आकड्यांचा गळ) बारीक असते, आणि मासा उसळला की गळ ओठातून फाटून निघतो. त्यावर मी ड्रॅग (रिळाचा ब्रेक) थोडा सैल ठेवतो आणि गळ मारत नाही, नुसतं रीळ फिरवत राहतो. दहातले सहा-सात मासे हाती लागतात. खास क्रँकबेटचा रॉड असता तर एखाद-दुसरा वाढला असता; त्यासाठी आणखी शंभर डॉलर मी घालणार नाही.

जानेवारीत लाइन तुटायला लागली. आधी लाइनला दोष दिला, कंपनी बदलली. मग गाठीला दिला, पालोमर सोडून दुसरी गाठ शिकलो. मग रीळ उघडून बघितलं. चाळीसेक डॉलर ह्या शोधात गेले.

त्या मार्चच्या शनिवारी पहिल्यांदा मी तुटलेलं टोक नीट पाहिलं. गाठ सुटली की टोकाला वेटोळं राहतं; इथे टोक पिंजलेलं होतं, खवल्यासारखे बारीक पापुद्रे सुटलेले. आणि तुटण्याची जागा तिन्ही वेळा गळापासून दोन-अडीच हातांवर. कास्ट करण्याआधी आमिष टोकाखाली जेवढं लोंबतं, साधारण तेवढंच अंतर. म्हणजे प्रत्येक कास्टच्या झटक्याला लाइनचा जो भाग टोकाच्या कडीत (लाइन ओवायच्या शेवटच्या रिंगमध्ये) असतो, नेमका तोच खरवडला जात होता.

घरी येऊन कान साफ करायची कापसाची काडी एकेका कडीतून फिरवली. आठ कड्यांतून काडी गुळगुळीत गेली. टोकाच्या कडीत कापसाचा एक धागा अडकला आणि तिथेच राहिला. भिंग लावून पाहिलं तर आतल्या चिनी मातीसारख्या रिंगला खालच्या बाजूला केसाएवढी चीर. बोट फिरवलं तर काहीच कळत नाही. एवढ्याशा चिरेने तीन मासे नेले.

मालवणला आमचे आजोबा चिवारीची (बारीक बांबूची) काठी घेऊन खाडीवर गरवायला जायचे. त्या काठीला कडीच नसायची, टोकालाच तंगूस बांधलेला. पण निघण्याआधी ते सगळा तंगूस दोन ओठांतून सावकाश ओढून बघायचे. बोटांना न कळणारा ओरखडा ओठांना कळतो, असं सांगायचे. लहानपणी मला ती त्यांची सवय वाटायची. त्या रात्री मी उरलेली लाइन तशीच ओठांतून ओढली आणि पहिल्या अडीच हातांत चार ठिकाणी खरखर लागली. डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

मग कंपनीला मेल केला. रॉडवर मर्यादित का होईना, आयुष्यभराची वॉरंटी छापलेली होती. पहिलं उत्तर आठ दिवसांनी आलं: पूर्ण रॉड नळीत घालून पाठवा, पाठवायचा खर्च तुमचा, वर हाताळणीचे 30 डॉलर. सव्वासात फुटांची नळी पाठवायला कुरियरवाल्याने 48 डॉलर सांगितले. म्हणजे 129 च्या रॉडला 78 डॉलर. मी चिरेचा फोटो पाठवून विचारलं, फक्त टोकाची कडी पाठवाल का? उत्तर आलं की हे वापरातून झालेलं नुकसान आहे, वॉरंटीत बसत नाही. तीन आठवडे हे चाललं. तेव्हा ही हकिगत लिहायला बसलो असतो तर रॉड अजिबात घेऊ नका असंच लिहिलं असतं.

आज तसं लिहीत नाही, कारण वापरातून झालं हे त्यांचं म्हणणं खरं निघालं. मी प्रत्येक फेरीनंतर गळ टोकापर्यंत गुंडाळून ठेवायचो. घरापासून फोर्क पावणेदोन तासांवर. तेवढा वेळ टंगस्टनचं वजन त्या कडीवर आपटत राहायचं. असं वर्षभर झाल्यावर कोणतीही रिंग तडकेल. माझी तक्रार वेगळी आहे. ही कडी बाजारात पाच-सहा डॉलरला सुटी मिळते आणि घरी दहा मिनिटांत बदलता येते, हे त्यांनी एका ओळीत सांगायला हवं होतं. ग्राहकाला रॉड टाकून नवा घ्यायला लावण्यापेक्षा ते सोपं होतं.

बदलायची रीत सांगतो, कारण दुकानातही मला कोणी धड सांगितली नव्हती. रॉडच्या टोकाची जाडी कॅलिपरने मोजा. कडीच्या नळीचं माप इंचाच्या 64 व्या भागात असतं. माझं साडेपाच, म्हणजे सुमारे 2.2 मिलिमीटर. लायटरची आच फक्त कडीच्या धातूच्या नळीवर धरा, रॉडच्या ग्राफाइटवर नाही. ग्राफाइट तापलं की आतलं रेझिन कमजोर होतं. डिंक सैल झाला की पकडीने कडी सरळ ओढा, पिळू नका. जुना डिंक नखाने काढा. नवा डिंक ग्लू स्टिकचा, वितळवून टोकाला माखायचा, कडी बसवायची आणि मुठीकडून एक डोळा मिटून बाकीच्या कड्यांच्या रेषेत आणायची. चिकटवायला सुपरग्लू वापरू नका. पुढच्या वेळी कडी काढणं अवघड जाईल. मी फुजी कंपनीची कडी बसवली, सहा डॉलर पडले.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्याच वाळक्या झाडांत गेलो. तसाच जिग, तीच लाइन, फक्त पुढचे तीन हात कापून टाकलेले. साडेआठला लाइन एका बाजूला सरकली, मी गळ मारला आणि रॉड मुठीपर्यंत वाकला. मासा दोनदा बुंध्याला वळसा घालायला गेला, दोन्ही वेळा ह्याच रॉडने त्याला ओढून मोकळ्या पाण्यात आणला. पट्टीवर साडेएकवीस इंच. फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला बास ठेवता येत नाही, परत सोडावाच लागतो. पाण्यात धरून ठेवला, त्याने शेपूट हलवली, गेला. नियम नसता तरी सोडला असता.

तर एकच कास्टिंग रॉड घ्यायचा असेल तर 7 ते 7 फूट 3 इंच, मीडियम हेवी, फास्ट, हेच घ्या. त्यावर माझं मत तेरा महिन्यांत हललेलं नाही. कॉर्क की फोम, मूठ अखंड की तुटक, ह्यात वेळ घालवू नका. दुकानात खिशात कापसाची काडी घेऊन जा आणि प्रत्येक कडीतून फिरवा. सेल्समन बघत राहिला तर राहू दे.

आणि गळ अडकवायचा आकडा कुठे आहे ते पाहा. माझ्या रॉडवर तो रिळाला इतका खेटून आहे की तिथे अडकवलेला जिगचा गळ तळव्याला टोचतो. म्हणूनच तर मी वर्षभर गळ टोकापर्यंत गुंडाळत होतो. आता दोन डॉलरचा रबरी पट्ट्याचा सुटा आकडा घेऊन रिळाच्या वीतभर पुढे बसवलाय. रबर उन्हाने किती टिकतं ते ऑगस्टमध्ये कळेल.