जिनवाल्यांनी स्पॉन्सर केलेलं पणजीतलं क्राफ्ट फेअर, एका स्टॉलवालीचा रिव्ह्यू

मागच्या हिवाळ्यात पणजीत एका छोट्या क्राफ्ट-डिझाइन फेअरला माझा सिरॅमिकचा स्टॉल होता. मेन स्पॉन्सर गोव्यातलीच एक क्राफ्ट जिन कंपनी, म्हणजे छोट्या प्रमाणावर जिन ही दारू बनवणारी. खरं सांगते, आधी पटलंच नव्हतं, वाटलं लोक प्यायला येणार, भांड्यांकडे कोण बघतंय. पण त्यांच्या पैशामुळे स्टॉलचं भाडं निम्म्यावर आलं आणि म्हणून डिचोलीचे एक कुंभारकाका आणि कुणबी साडी विणणारी एक ताई येऊ शकले, नाहीतर अशा ठिकाणी आम्ही शहरातले स्टुडिओवालेच दिसतो.

टीव्हीवर दारूची जाहिरात करता येत नाही म्हणून या कंपन्यांना असे इव्हेंट लागतातच, ते ठीक आहे. २०१७ ला ग्रेटर दॅन नावाची जिन आली, मग हापुसा, स्ट्रेंजर अँड सन्स, सगळ्या गोव्यात बनणाऱ्या, आणि या लोकांना लेबल, बाटली, काच यातलं खरंच कळतं.

टेस्टिंग काउंटर एक नंबर! वाट्यांमध्ये धने, लिंबाची साल, जुनिपरचे दाणे (जिनला मुख्य वास यांचाच) मांडलेले, तिथल्या मुलीने एक दाणा चिरडून माझ्या तळहातावर ठेवला, म्हणाली "ताई, वास घ्या आधी", एकदम चीडाच्या राळेसारखा वास. आयुर्वेदात याच्याच हिमालयातल्या भावंडाला हपुषा म्हणतात, हापुसा जिनचं नाव त्यावरूनच.

आता खटकलेलं. पहिल्या दिवशी जिन कागदी कपात! चार पावलांवर काका मातीचे पेले घेऊन बसलेत आणि बारवर कागदी कप, मला बघवेना. मी जाऊन स्पष्ट बोलले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकांचे चाळीस पेले रोख पैसे देऊन घेतले. कोरी माती ना, पेला आधी थोडं पितो, बाहेरून ओलसर गार होतो आणि पहिल्या घोटाला पावसाचा वास येतो. संध्याकाळपर्यंत लोक काकांच्या स्टॉलवर विचारायला, हाच पेला पाहिजे म्हणून.

स्पीकर मात्र आयोजकांनी विणकर ताईच्या कानाशी लावला होता, सात नंतर तिला गिऱ्हाइकाशी बोलताच येत नव्हतं, दोनदा सांगूनही हलवला नाही. हे चूकच.

पुढच्या वर्षी मी फॉर्म भरणार आहे, काकांचाही मीच भरून देणार, तुम्हीही भरा, फक्त बारच्या बाजूचा आणि स्पीकरपासून लांबचा स्टॉल मागून घ्या.