चेतक घ्यावी की लॅम्ब्रेटा? जुनी इटालियन घडणीची स्कूटर घरी नवी करायची असेल तर

इटलीच्या जुन्या मोटारसायकली मराठवाड्यात शोधूनही सापडायच्या नाहीत. इटालियन घडणीच्या स्कूटर मात्र आजही पडून आहेत. कुणाच्या वाड्याच्या ढाळजेत, कुणाच्या दुकानामागे, कुणाच्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीला टेकून. त्यात घराणी दोनच. एक व्हेस्पाचं, म्हणजे बजाज १५०, प्रिया, चेतक. दुसरं लॅम्ब्रेटाचं, म्हणजे जुनी लॅम्ब्रेटा, लॅम्बी, विजय सुपर. घ्यायला निघालेला माणूस आधी इंजिनाचं विचारतो. माझं मत असं की आधी पत्रा पाहावा. इंजिन दोन्हींचं होतं, पत्र्याचं काम मात्र एका घराण्यात घरी होतं आणि दुसऱ्यात सहसा होत नाही.

याचं मूळ जन्मातच आहे. १९४६ साली पियाज्जिओने व्हेस्पा आणली. ती रेखाटणारे कोर्राडिनो डास्कानियो हे विमानं घडवणारे अभियंते होते. त्यांनी वेगळी चासी ठेवलीच नाही. दाबून घडवलेला पत्रा हाच गाडीचा सांगाडा. पुढच्याच वर्षी मिलानच्या इनोचेंटीने लॅम्ब्रेटा आणली. ही कंपनी मुळात पोलादी नळ्यांची, म्हणून तिची स्कूटर नळीच्या चासीवर उभी राहिली आणि पत्रा वरून बोल्टने आवळला गेला. बजाजने पियाज्जिओच्या परवान्यावर गाड्या काढल्या, १९७१ मध्ये परवाना संपला आणि १९७२ मध्ये व्हेस्पा स्प्रिंटच्या घडणीवर चेतक आली. लॅम्ब्रेटा आधी मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने बनवली. पुढे १९७२ साली लखनौला सरकारी स्कूटर्स इंडिया उभी राहिली, तिने इनोचेंटीची यंत्रसामग्रीच विकत आणली आणि त्यातून विजय सुपर निघाली.

पत्रा

आपल्याकडची हवा कोकणासारखी खारट नाही, म्हणून वरून गाडी बरी दिसते. घात करते ती काळी माती. पावसाळ्यातला चिखल पाय ठेवायच्या पत्र्याखाली आणि मधल्या पोकळ कण्यात जाऊन बसतो, ओल धरून ठेवतो आणि गाडी खालून वर सडते. वरची रबरी पट्टी उचलून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, किंवा टोक आत गेलं, तर चेतकच्या बाबतीत गाडीचा कणाच गेला असं समजा. तो पत्रा कापून नवा वेल्ड करताना मागचा आणि पुढचा भाग एका रेषेत राहायला हवा, नाहीतर गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. त्यासाठी आधाराचा साचा आणि पातळ पत्रा जोडणारा कसबी वेल्डर लागतो. अंगणात हे काम करायच्या भरीस पडू नये.

लॅम्ब्रेटात तोच पत्रा सडला तर बोल्ट सोडा, काढा, दुसरा लावा. नळीची चासी सरळ आहे ना एवढं दोरी धरून तपासलं की पुरे. सुट्या भागांचा आणखी एक फायदा आहे: चासी, स्टँड, लहान पत्रे पावडर कोटिंगला, म्हणजे भट्टीत भाजून पक्का होणाऱ्या रंगाला, देता येतात. संभाजीनगरकडे वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात हे काम करून मिळतं. फक्त पत्र्यावर जुनी लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर आधी खरवडून काढायला सांगा, भट्टीच्या उष्णतेत ती टिकत नाही.

म्हणून पहिला कौल असा: तळ शाबूत असेल तर चेतक, तळ गेलेला असेल तर लॅम्ब्रेटा.

इंजिन

दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्ही पंख्याच्या वाऱ्यावर थंड होणारी, क्षमता जवळजवळ सारखी. चेतक १४५ सीसीची, लॅम्ब्रेटा १५० प्रत्यक्षात १४८ ची. स्वभाव मात्र वेगळे.

व्हेस्पा घराण्यात पेट्रोल, हवा आणि ऑइलचं मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा (क्रँक) ज्या पेटीत बसतो तिच्यातून, आत येतं आणि फिरत्या क्रँकची कडाच झडपेचं काम करते. त्यामुळे ऑइल थेट क्रँकच्या बेअरिंगवर पडतं आणि पेट्रोलमध्ये २ टक्के ऑइल मिसळून भागतं. पण केसमधली जी घासून गुळगुळीत केलेली जागा क्रँकच्या कडेशी बेतलेली असते, तिच्यावर कधी तुटकी रिंग किंवा खडा फिरला असेल तर झडप गळायला लागते. मग गाडी सहज चालू होत नाही, कमी वेगात थरथरते, आणि नुसता नवा पिस्टन टाकून काही उपयोग होत नाही. विकत घेण्याआधी कार्बोरेटर उतरवून टॉर्चने ही जागा बघायला मागा. विकणारा नको म्हणाला तर पुढची गाडी बघा.

लॅम्ब्रेटात पिस्टनचा खालचा काठच दार उघडतो आणि बंद करतो. ही रचना झीज जास्त सोसते. मोबदल्यात ऑइल दुप्पट, ४ टक्के लागतं, धूर जास्त होतो आणि सायलेन्सर लवकर काजळतो.

उघडायला कोणतं सोपं? इथे लॅम्ब्रेटा पुढे आहे. चेतकचे गिअर किंवा क्रँक बदलायला केसचे दोन अर्धे सोडवावेच लागतात. लॅम्ब्रेटाची केस एकसंध आहे. एका बाजूने चेन आणि क्लचचं झाकण, दुसऱ्या बाजूने मॅग्नेटचा (वीज तयार करणाऱ्या चाकाचा) भाग काढला की सगळ्याला हात पोचतो. हातात पाने घेऊन शिकायचं असेल तर शिकायला लॅम्ब्रेटा चांगली. फक्त चेन, तिचा ताण धरणारी पट्टी आणि स्प्रॉकेट हे तिचे जास्तीचे भाग आहेत. व्हेस्पात चेनच नाही, इंजिनाकडून गिअरमधून थेट चाकाला जोर जातो.

क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सील दोन्ही गाड्यांत न विचारता बदलायची. मॅग्नेटकडची सील फाटली की आत जास्तीची हवा खेचली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि मे महिन्यात ४२ अंशांत परभणीच्या रस्त्यावर पिस्टन जाम होतो. क्लचकडची फाटली तर गिअरचं ऑइल जळून पांढरा धूर येतो. याच उन्हामुळे सिलिंडरवरचा पत्र्याचा पंखाकोष तुटका ठेवून गाडी चालवू नका. बरीच मिस्त्री मंडळी तो "नंतर लावू" म्हणून बाजूला ठेवतात. पण त्याच्याशिवाय वारा सिलिंडरपर्यंत पोचतच नाही.

सुटे भाग आणि हात

इथे चेतक निर्विवाद पुढे. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि या भागात बजाजचं काम जाणणारे हात मुबलक झाले. जालना, लातूर, नांदेड, कुठेही जुन्या स्पेअरच्या दुकानात पिस्टन, क्लच प्लेट, केबल मागितली की मिळते. सिलिंडर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन बसवणारा लेथवाला तालुक्यालाही असतो. लॅम्ब्रेटाचे भाग देशात बनतात, पण बहुधा मागवून घ्यावे लागतात आणि आलेला भाग कानस मारून बसवायची तयारी ठेवावी लागते. स्कूटर्स इंडिया बंद करायला केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजुरी दिली, म्हणजे कंपनीचा आधारही गेला. रोज कामावर न्यायची गाडी हवी असेल तर हा एक मुद्दा बाकी सगळ्यांना पुरून उरतो.

एलएमएल या कंपनीच्या व्हेस्पाचं नाव कुणी सुचवेल. रोजच्या वापराला ती खरोखर शहाणी निवड आहे. पण ती बरीच नंतरची गाडी, जुन्याची ओढ तिने भागत नाही.

मूळचं ठेवायचं की सुधारायचं

जुन्या गाड्यांना ६ व्होल्टचा दिवा आणि पॉइंट-कंडेन्सर, म्हणजे ठिणगी पाडायची जुनी यंत्रणा. बीडहून संभाजीनगरला रात्री येताना समोरच्या ट्रकच्या झोतापुढे तो दिवा नसल्यासारखाच. चालवायची गाडी असेल तर १२ व्होल्टची कॉइल प्लेट, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि मोठा दिवा हा खर्च मी पहिला करेन. घेताना क्रँकचा टेपर (निमुळतं टोक) नव्या मॅग्नेटशी जुळतो का ते मोजून घ्या, नुसतं "बसेल" या शब्दावर जाऊ नका. काढलेली जुनी प्लेट ऑइल लावून डब्यात ठेवा.

दुसरी गरज पेट्रोलची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं, ओल खेचतं आणि मिश्रणही थोडं पातळ करतं. नळी, टाकीचा कॉक आणि कार्बोरेटरची रबरं नव्या पेट्रोलला टिकतील अशी टाका. प्लग पांढुरका दिसला तर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) एका नंबराने वाढवा. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

सिलिंडर मोठा करून सीसी वाढवणं, चासी कापणं याला माझा स्पष्ट विरोध आहे. उष्णता वाढते, आणि आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात अडकतो.

कागद पाहताना गाडीचं वय नीट मोजा. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची, नंबरात व्हीए ही अक्षरं. पण मग ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी या नोंदणीला पात्रच नाही. म्हणून ८०-९० च्या दशकातली चेतक मिळाली तर १२ व्होल्ट करून बिनधास्त वापरा, नोंदणीचं ५ वर्षांचं नूतनीकरण तेवढं वेळेत करा. आणि १९७५ च्या आधीची बजाज १५० किंवा लॅम्ब्रेटा शाबूत कागदांसह हाती लागली, तर तिचं ६ व्होल्टचं वायरिंगही तसंच ठेवा.