पिवळ्या हार्वर्डसाठी घेतलेला एअरब्रश: दहा महिन्यांनंतर

गेल्या सप्टेंबरात एअरब्रश (रंग फवारायचं पेनासारखं यंत्र) आणि त्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा सेट घेतला. त्याआधी सात-आठ वर्षं ब्रशनेच विमानांची मॉडेलं रंगवत होते. करडी, हिरवी, मातकट लढाऊ विमानं ब्रशने बरी होतात. ब्रशचे फराटे राहिले तरी जुनं, रापलेलं विमान म्हणून खपून जातात. पिवळ्यात काही खपत नाही. आणि मला हवं होतं ते नखशिखान्त पिवळं हार्वर्ड विमान, दुसऱ्या महायुद्धात कॅनडात वैमानिक ज्यावर शिकायचे तसलं. म्हणून हा साडेनऊ हजारांचा खर्च.

सेट साधाच आहे. ०.३ मिमी नीडलचा डबल अ‍ॅक्शन एअरब्रश (बोट खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग), वर रंगाचा छोटा कप, तीन लिटर टाकीचा कॉम्प्रेसर, हवेचा दाब कमी-जास्त करायचा रेग्युलेटर आणि पाणी अडवायची काचेची बाटली, म्हणजे वॉटर ट्रॅप. ब्रँडचं नाव सांगत नाही, कारण हाच माल पाच-सहा वेगवेगळे शिक्के मारून विकतात. आम्ही डोंबिवलीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर, आणि माझा कारखाना म्हणजे बंद केलेली गॅलरी. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "अगं, इथे हळद कोणी सांडली?" हवेतच सुकून खाली बसलेला रंग होता तो. तेव्हापासून पुठ्ठ्याच्या खोक्याला मागून एग्झॉस्ट फॅन लावून त्यात रंगवते. सेटच्या किमतीत हे खोकं, फॅन आणि सेंद्रिय वाफा अडवणारं कार्ट्रिज असलेला मास्क धरूनच हिशेब करा. कोविडमधला एन-९५ थिनरच्या वाफा अडवत नाही.

आता पिवळ्याचं दुखणं. पूर्वीचा क्रोम यलो शिशाचा असायचा, दाट झाकायचा. आताच्या हॉबी रंगांतला पिवळा बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांचा, शिशाविना, आणि स्वभावाने अर्धपारदर्शक. खाली जे असेल ते वर डोकावतं. करड्या प्रायमरवर (रंगाआधीच्या पायाच्या थरावर) मारला तर कैरीच्या सालीसारखा हिरवट दिसतो, पांढऱ्यावर मारला तर लिंबासारखा थंड. प्रशिक्षण विमानाचा पिवळा लिंबूही नाही आणि झेंडूही नाही. हळदीकडे झुकलेला, जरा ऊबदार. हम्ब्रॉल कंपनीच्या रंगाच्या २४ नंबरच्या डबीचं नावच 'ट्रेनर यलो' आहे. मी त्याच छटेला प्रमाण धरलं.

हे सगळं शहाणपण टायगर मॉथ या ब्रिटिश शिकाऊ विमानाच्या मॉडेलवर हात पोळल्यावर आलं. एअरफिक्सचं १/७२ मापाचं छोटं किट, पंखांचा विस्तार जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. युद्धकाळातल्या ब्रिटिश प्रशिक्षण विमानांची रंगसंगती निवडली: वरून हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज, खालून पिवळा. उत्साहात आधी वरचा हिरवा-तपकिरी उरकला आणि मग तो झाकून खाली पिवळा मारायला घेतला. हिरव्याचे कण कडेवरून खाली आलेले, प्रायमर करडा. पिवळ्याचे आठ हात दिले तरी पोट आजारी दिसत होतं. शिवाय व्हिडिओत बघून पॅनेलच्या रेषांवर आधी काळा फवारला होता, म्हणजे छाया पडेल म्हणून. काळ्यावर पिवळा म्हणजे हिरवाच. पंखाखाली शेवाळ धरल्यासारखं झालं. त्या आठ हातांत कापडावरच्या फासळ्यांचे बारीक उठाव बुजले ते वेगळंच. एअरब्रशची यात काही चूक नव्हती, पण तेव्हा शिव्या त्यालाच बसल्या.

हार्वर्डला उलट क्रमाने गेले. १/४८ मापाचं, पंखांचा विस्तार २६-२७ सेंटिमीटर, म्हणजे चूक लपवायला जागाच नाही. भाग साबणाच्या पाण्याने नीट धुतले (एका पंखाच्या मुळाशी कंटाळा केला, त्याची गोष्ट पुढे येते). मग तामिया कंपनीचा गुलाबी प्रायमर. हो, गुलाबी. जेवणाच्या टेबलावर बार्बीच्या रंगाचं लढाऊ दिसणारं विमान वाळत ठेवलं, तेव्हा घरात बरीच करमणूक झाली. पण गुलाबीवर पिवळा दोन-तीन हातांतच उचलला जातो आणि ती हळदीची ऊब आपोआप येते. ज्या रेषांवर छाया हवी तिथे काळ्याऐवजी पातळ तांबूस तपकिरी. एवढंच.

पिवळ्यासाठी तामियाच्या एक्सएफ-३ चे वीस थेंब आणि लाल एक्सएफ-७ चा एक. सोबत लॅकर थिनर रंगाच्या दीडपट. कपाच्या कडेवरून ओघळताना दुधासारखा वाहिला पाहिजे, सायीसारखा नको. कॉम्प्रेसर १५ पीएसआय दाबावर. पहिला हात फक्त धुकं: दहा-बारा सेंटिमीटरवरून, गुलाबी दिसतच राहील इतका विरळ. पाच मिनिटं थांबायचं. दुसरा तसाच, पण आडव्याऐवजी उभा. तिसऱ्या हातात मात्र जवळ यायचं, सहा-सात सेंटिमीटरवर, आणि पृष्ठभाग क्षणभर ओला चमकला की पुढे सरकायचं. थांबलं की ओघळ, घाई केली की संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा. सेट घेऊन चार महिने झाल्यावर डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला एकदा ती चमक सरळ रेषेत पंखभर सरकली. त्या दिवशी साडेनऊ हजार वसूल झाले असं मी नवऱ्याला सांगितलं. त्याने विजेचं बिल दाखवलं.

हार्वर्डची काच म्हणजे लांबलचक काचघर, चौकटीच चौकटी. टेपचे बारीक तुकडे कापून झाकायला दोन संध्याकाळी गेल्या. इथे एक गोष्ट विसरू नका: चौकटीवर आधी आतल्या कॉकपिटचा हिरवा, मग गुलाबी, मग पिवळा. नाहीतर काचेतून आत बघितलं की चौकटीची आतली बाजू पिवळी दिसते आणि खेळणं वाटतं. नाकावरचा काळा पट्टा सगळ्यात शेवटी. उन्हाची तिरीप वैमानिकाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून असतो तो. तो रंगवून टेप काढली आणि उजव्या पंखाच्या मुळाशी, जिथे धुण्याचा कंटाळा केला होता, बरोब्बर तिथेच, नखाएवढी पिवळ्याची खपली टेपबरोबर उठली. खालून गुलाबी दात विचकत होता. दोन हजार नंबरच्या पॉलिशपेपरने कडा घासून पुन्हा चार विरळ हात. आता सांगितल्याशिवाय दिसत नाही. मी सांगितलं, आता तुम्हालाही दिसेल.

डेकलचं (मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांचं) दुखणंही पिवळ्याचंच. गोल चिन्हातला पांढरा डेकलवर पातळ छापलेला असतो; पिवळ्या पंखावर बसवला की पांढरा लोण्यासारखा पिवळट दिसतो. जुन्या उरलेल्या पत्रकातला कोरा पांढरा गोल कापून आधी तो बसवला, त्यावर खरं चिन्ह. रेषांमधली मळकट छटा काळ्या वॉशने (रेषांत झिरपणाऱ्या पातळ रंगाने) देऊ नका, पिवळं विमान गटारात पडून आल्यासारखं दिसतं. मी दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनची बर्न्ट सिएना ऑइल ट्यूब टर्पेंटाइनमध्ये पातळ करून वापरली, क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) पूर्ण वाळल्यावर. परदेशी वॉशच्या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि छटा तंतोतंत. योगायोग म्हणजे कॅम्लिन सुरू झाली १९३१ साली, आणि टायगर मॉथचं पहिलं उड्डाणही त्याच वर्षीच्या २६ ऑक्टोबरचं.

मुळात एवढा भडक रंग का, हे घरी येणारा प्रत्येकजण विचारतो. लढाऊ विमान लपावं म्हणून रंगवतात, शिकाऊ विमान दिसावं म्हणून. आकाशात आजूबाजूच्यांनी लांब राहावं, आणि शेतात कुठे उतरावं लागलंच तर शोधणाऱ्यांना लवकर सापडावं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवरच्या लाल 'एल'चा हा मोठा भाऊ. १७ डिसेंबर १९३९ ला ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने एकत्र प्रशिक्षण योजनेचा करार केला आणि युद्ध संपेपर्यंत कॅनडातून १ लाख ३१ हजारांवर वैमानिक, नॅव्हिगेटर, तोफचालक वगैरे तयार झाले. त्यांच्यातले कितीतरी जण अशाच पिवळ्या टायगर मॉथ आणि हार्वर्डवर घडले. हार्वर्डचा आवाज आधी येतो आणि विमान मागून, असं म्हणतात. त्याच्या प्रोपेलरची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ फिरतात, त्यातून तो कर्कश सूर निघतो. आपल्या वायुदलातही दोन्ही विमानं होती, आणि वायुदलाच्या व्हिंटेज ताफ्यात टायगर मॉथ आणि हार्वर्ड दोन्ही आहेत.

पुन्हा सेटकडे. ऑक्टोबर ते मे कॉम्प्रेसरची काही तक्रार नाही. आवाज फ्रिजपेक्षा जरा जास्त, मिक्सरपेक्षा बराच कमी. रात्री दहानंतर खालच्या मजल्यावरून निरोप आला नाही. सलग वीस-पंचवीस मिनिटांनी कॉम्प्रेसर हात लावता येणार नाही इतका तापतो, मग मी चहा करते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि सगळं बदललं. वॉटर ट्रॅप अर्ध्या तासात भरायला लागला. एकदा मी बघितलं नाही आणि तिसऱ्या मॉडेलच्या पंखावर, ओल्या पिवळ्यात, पाण्याचे चार थेंब फुटून बसले. देवीचे व्रण दिसतात तसे. टाकीच्या तळाचा स्क्रू उघडला तर चमचाभर तांबूस पाणी निघालं, म्हणजे आतून गंज धरायला लागला होता. आता प्रत्येक वेळी काम संपलं की तो स्क्रू उघडून टाकी रिकामी करते. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. लॅकरचा क्लिअर कोट भर पावसात मारला तर पांढुरका धुरळा धरतो, हवेतलं पाणी त्यात अडकतं. सावकाश सुकणारं थिनर थोडं जास्त घालून वरून एक हात दिला की तो धुरळा बहुतेक वेळा विरतो. पण खरं सांगायचं तर जुलैत क्लिअर कोटला हात लावू नका. गौरीपर्यंत थांबा.

एअरब्रशची दोन दुखणी. एक, आतल्या रबराच्या रिंगा. मी सुरुवातीला हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर सफाईला वापरलं आणि दोन रिंगा फुगून बसल्या. चूक माझीच, पण माहितीपत्रकात एक ओळ असती तर वाचले असते. दुसरं, पुढचं नॉझल. तांदळाच्या दाण्याएवढं, आट्यांचं. मार्चमध्ये घट्ट करताना थोडा जास्त जोर लागला आणि आटे तुटून अर्धं नॉझल आतच राहिलं. विकणाऱ्याला सुटा भाग मागितला तर त्याने नवीन सेट घ्यायला सुचवलं. शेवटी दुसरीकडून तसंच दिसणारं नॉझल मागवलं. ते बसलं, पण रंगाची रेघ पूर्वीपेक्षा जरा जाड येते. म्हणून पाचपैकी साडेतीन. नॉझलचे भाग मिळाले असते तर चार दिले असते. त्यापुढे मात्र नाही, कारण पिवळ्याचं निम्मं काम एअरब्रश करतच नाही, ते खालचा गुलाबी करतो. बजेट कमी असेल तर साधा सेट घ्या आणि प्रायमरमध्ये काटकसर करू नका.

पाण्याच्या थेंबांचं ते तिसरं मॉडेल म्हणजे स्टीअरमन, अमेरिकन शिकाऊ विमान. लष्कराच्या रंगसंगतीत त्याचं धड निळं, पंख पिवळे. नौदलाचं स्टीअरमन मात्र पूर्ण पिवळं असायचं, म्हणून त्याला 'यलो पेरिल' (पिवळं संकट) म्हणत. पंख सुटे असल्यामुळे निळ्यापासून पिवळं झाकायची कटकट नाही, तेवढाच आराम. थेंबांचे व्रण घासून काढलेत आणि चारही पंख पुन्हा गुलाबी करून कपड्यांच्या चिमट्यांना लटकवलेत. कालपासून पाऊस उघडलाय. आज रात्री ट्रॅप रिकामा करून पिवळ्याचा पहिला हात.