३५० लेजंड बोल्ट ॲक्शन रायफल, ओहायोत हरणासाठी वापरून

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डिअर गन सीझनला, म्हणजे बंदुकीने हरणाच्या शिकारीच्या हंगामात, आधी मुख्यतः शॉटगन आणि स्लग (शॉटगनची एकच जाड गोळी) चालायचे, २०१४ ला स्ट्रेट-वॉल, म्हणजे सरळ कवचाच्या काडतुसाच्या रायफलला परवानगी मिळाली आणि मग २०१९ मध्ये विंचेस्टर कंपनीने ३५० लेजंड हे काडतूस आणलं, खास अशाच राज्यांच्या नियमांत बसेल असं. मी त्यासाठीची आखूड नळीची बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची रायफल) घेतली, अख्खा सीझन वापरली आणि जाम आवडली.

मुख्य गोष्ट म्हणजे धक्का. बारा गेजचा स्लग खांद्याला असा हाणतो की पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच अंग आकसतं आणि नेम चुकतो. हिच्यात तसं होत नाही, १५० ग्रेन वजनाची गोळी सुटली तरी स्कोपमध्ये हरीण दिसत राहतं, कुठे लागली ते तिथल्या तिथे कळतं आणि दुसरी मारायची की नाही ते लगेच ठरवता येतं. जखमी जनावर अंधारात तडफडत राहणं मला अजिबात सहन होत नाही, त्यामुळे माझ्यासाठी पैसे इथेच वसूल.

१०० यार्डांवर झीरो केली, म्हणजे स्कोपचा नेम त्या अंतराला जुळवला की १५० पर्यंत बिनधास्त, २०० ला गोळी बरीच खाली येते, तिथे मी मारत नाही. स्ट्रेट-वॉलच्या नियमामागचा विचारही तोच आहे ना, केस (काडतुसाचं कवच) सरळ, बाटलीसारखी निमुळती मान नाही, गोळी जाड आणि हळू, म्हणजे सपाट शेतं आणि अधूनमधून घरं असलेल्या भागात ती फार लांब जाऊ नये.

खटकलं ते आवाजाचं, १६ इंची नळीमुळे कानठळ्या बसतात, इयर मफ हवेतच. आणि मॅगझिन पाचची येते पण ओहायोत चेंबर धरून तीनच गोळ्या भरता येतात, हे दुकानदाराने सांगायला हवं होतं, चकार शब्द काढला नाही त्याने!!

इतर राज्यांतल्यांनी मात्र आपले नियम बघूनच घ्या. केस १.७१ इंच लांब आहे, मिशिगनने दक्षिण भागासाठी केसच्या लांबीला १.८० ची मर्यादा घातली त्यात ती आरामात बसली, पण इलिनॉयने २०२३ मध्ये रायफलला परवानगी दिली ती फक्त सिंगल शॉट, एका वेळी एकच गोळी भरता येणारीला, म्हणजे काडतूस चालतं पण ही बोल्ट ॲक्शन नाही चालत. मिनेसोटात तर २०२६ पासून राज्याचा शॉटगन झोनच (जिथे हरणासाठी रायफल चालत नव्हती तो भाग) गेला, काउंटीला हवा तर ठेवता येतो, तेव्हा घरात ३०८ ची (निमुळत्या मानेच्या काडतुसाची) रायफल पडून असेल तर आधी काउंटीत विचारा, ही घ्यायची गरजच पडणार नाही कदाचित.